पडद्याच्या पंपाची पारख

नंदुरबार तालुक्यात मिरचीचे पीक घेणाऱ्याचा हंगाम पावसावर आणि रोपांवर जितका, तितकाच फवारणीच्या पंपावर अवलंबून असतो. कारण फुलकिडे आणि कोळी यांच्या उपद्रवाने पानांना येणाऱ्या चुरडा-मुरड्याला वेळीच आवर घातला नाही, तर शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर आपली लाल मिरची पसरण्याचा योग त्या वर्षी येत नाही. आमच्या शेतावर पूर्वी दांड्याचा हातपंप असे. त्यातील दट्ट्या नळीत वरखाली सरके, त्याचे वायसर झिजे आणि सांध्यातून झिरपणाऱ्या औषधाने सालदाराचा सदरा पाठीवर भिजून जाई. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हापासून ओल्या सदऱ्याकडे दुर्लक्ष करणे मला अशक्य झाले, आणि आम्ही बॅटरीवर चालणारा पडद्याचा पंप घेतला.

या यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे. 12 व्होल्टच्या मोटारीवरील तिरकी चकती रबरी पडद्याला पुढेमागे हलविते. पडदा मागे ओढला गेला की कोठडीतील जागा वाढते, दाब उतरतो, शोषणाची झडप उघडून टाकीतील द्रावण आत येते. पडदा पुढे रेटला गेला की ती झडप मिटते आणि दुसरी उघडून तेच द्रावण नळीकडे जाते. लोहाराच्या भात्यात वाऱ्याचे जे होते, तेच येथे द्रावणाचे. सरकणारा दट्ट्याच नसल्यामुळे घासून झिजणारा सांधाही नाही. विषारी द्रावण आणि मोटार यांच्यामध्ये तो अखंड पडदा उभा असतो. पंप आपले पाणी आपणच ओढून घेतो, टाकी रिती झाली तरी लगेच जळत नाही, आणि नोझल बंद करताच दाबाची कळ मोटार थांबविते. 1955 साली अमेरिकेत जिम विल्डन यांनी दाबाच्या हवेवर चालणारा दुपडदी पंप सिद्ध केला, आणि आम्ले, गाळ किंवा घट्ट लगदा वाहून नेण्यासाठी कारखान्यांनी तो स्वीकारला, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

परंतु ज्या गुणासाठी हा पंप घ्यावा, त्याच गुणाच्या पोटी त्याचा धोका आहे. दट्ट्याचे वायसर रोज थोडे गळून आपली कैफियत मांडीत असते. पडदा मात्र मुकाट्याने चाकरी करतो आणि एके दिवशी फाटतो. ऐन खरिपात आमच्या पंपाचा फवारा पसरण्याऐवजी धारेसारखा पडू लागला. बॅटरी भरलेली होती. नोझल धुतले, गाळणी साफ केली, तरी फरक पडेना. आणि तेवढ्यात सालदाराच्या कमरेशी ओल लागली. पंप तत्काळ उतरवून, त्याला साबणाने अंघोळ घालून, कपडे बदलावयास लावले, म्हणून प्रकरण त्वचेच्या जळजळीवर निभावले. मिस्त्रीने पंप उघडला तेव्हा, ज्या कड्याने पडदा आवळलेला असतो त्याच्या काठाशीच तो चिरलेला निघाला. रबर फुगून मऊ पडले होते आणि औषध मोटारीच्या बेअरिंगपर्यंत पोचले होते.

यामागचे कारण प्रत्येकाने ध्यानी घ्यावे. डब्यावर ईसी अशी अक्षरे असलेल्या औषधांत तैलजन्य द्रावके असतात, आणि ती काही जातींच्या रबराला फुगवितात. उरलेले द्रावण रात्रभर टाकीत राहिले की हे काम अधिकच लवकर होते. सबब पंप घेतानाच पडदा कोणत्या रबराचा आहे याची चौकशी करावी. व्हायटॉनचा पडदा महाग पडतो, पण अशा द्रावकांपुढे साध्या रबरापेक्षा पुष्कळ टिकतो. गंधक किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड यांसारखी भुकटी आधी बादलीत कालवून, फडक्यातून गाळूनच टाकीत ओतावी, कारण झडपेखाली एक कण अडकला तरी दाब धरत नाही.

फवारणीस निघण्यापूर्वी टाकीत निव्वळ पाणी घालून पंप चालवावा आणि नोझल बंद करावे. मोटार थांबून थांबलेलीच राहिली तर झडपा व पडदा यांविषयी निश्चिंत असावे. ती पुनःपुन्हा आपोआप सुरू होत असेल, किंवा थांबतच नसेल, तर त्या दिवशी पंप कोणाच्याही पाठीवर चढवू नये. संध्याकाळी स्वच्छ पाणी खेळवून पंप रिता करावा, धुवणाचे पाणी विहिरीपासून दूर ओतावे, आणि जुना पडदा धड दिसत असला तरी मिरची लावणीपूर्वी नवा बसवून घ्यावा.