व्हिला घेताय, पण चुलीपाशी अडकू नकोस

अगं, सँ-त्रोपेजवळ व्हिला भाड्याने घ्यायचं ठरवलंत, झकास! सासूबाई, नणंदेचं कुटुंब, तुमची दोन पोरं, एवढ्या सगळ्यांना हॉटेलच्या खोल्या घ्यायच्या तर दिवाळं निघेल. फक्त पैसे भरायच्या आधी माझं जरा ऐकून घे.

पहिलं म्हणजे घर खुद्द सँ-त्रोपेत बघू नकोस. तिथे रेल्वे जात नाही, सँ-राफाएलला उतरावं लागतं. गावात शिरायचा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये असा तुंबतो की चालणारा माणूस आधी पोचेल. खाडीच्या समोरच्या काठावर सँत-माक्सीम आहे, तिकडे घर शोध. तिथून बोटीने पंधरा-वीस मिनिटांत थेट सँ-त्रोपेच्या बंदरात उतरायचं. याट्स बघायच्या, सेनेकिए कॅफेच्या लाल खुर्च्यांवर एकदा महागडी कॉफी प्यायची, फोटो काढायचे आणि घरी यायचं. ब्रिजित बार्दोच्या १९५६च्या सिनेमाने हे कोळ्यांचं गाव जगभर गाजलं, तेव्हापासून तिथे मिरवायला जायचं असतं, राहायला नव्हे, असं माझं मत. पोहायला पांपलोनचा किनारा आहेच, पण तो शेजारच्या रामातुएल गावात येतो. चांगला पाचेक किलोमीटर लांब आहे. तिथल्या क्लबांच्या आरामखुर्च्यांचं भाडं ऐकून सासूबाईंना घेरी येईल. मधल्या मोकळ्या वाळूवर आपली चटई टाकायला कुणी पैसे मागत नाही.

आता खरं सांगायचं ते. व्हिलात आपल्या बायकांना गिळतं ते स्वयंपाकघर. सगळे तलावात डुंबतात आणि तू कुकरच्या शिट्ट्या मोजत बसतेस. तेव्हा निघायच्या आधीच सगळ्यांसमोर जाहीर कर: दिवसाला एकच गरम जेवण, बाकी वेळी पाव, चीज, फळं. सकाळी बेकरीतून ‘बागेत’ पाव आणायचं काम पुरुषांचं. गरम जेवणालाही दोघा-दोघांच्या पाळ्या लाव, आणि त्यात नवऱ्यालाही धर.

सीझनमध्ये घरं बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात, त्यामुळे पोचल्या संध्याकाळीच दूध-पाणी भरून ठेव, रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात. मंगळवारी मात्र बोटीने सँ-त्रोपेतल्या प्लास दे लिसच्या बाजाराला जाच. हा बाजार मंगळवारी आणि शनिवारी सकाळी चिनारांच्या सावलीत भरतो. टोमॅटो, पीच, बकरीच्या दुधाचं चीज, आणि दिसली तर कुर्जेतची पिवळीधमक फुलं घे. आपल्या भोपळ्याच्या फुलांची सख्खी बहीणच ती. तिथले लोकही पिठात बुडवून तळतात, तू बेसन घेऊन जा म्हणजे झालं. तार्त त्रोपेझियेन नावाचा क्रीम भरलेला गोड पाव मुलांना आवडेल, पण त्यात अंडं असतं, सासूबाईंना आधीच सांग. आणि पुरुषांना बार्बेक्यूची हौस आली तर घरमालकाला विचारल्याशिवाय कोळसा पेटवू देऊ नकोस. मागे मोर डोंगराचं जंगल आहे, २०२१च्या ऑगस्टमध्ये तिथे केवढा वणवा लागला होता!

लहान पोरं आहेत म्हणून एक विचारून घेच. फ्रान्समध्ये खासगी तलावाला कुंपण, अलार्म, झाकण किंवा छत यांतलं एक कायद्याने लागतं. नुसता अलार्म असेल तर पोर पाण्यात पडल्यावर वाजतो. कुंपण असलेलंच घर बघ. डिपॉझिट, सफाई, चादरी-टॉवेल हे भाड्यात धरलंय की वेगळं, तेही लेखी माग.

एखाद्या दिवशी मिस्त्राल वारा सुटला तर समुद्राचा नाद सोड आणि सगळ्यांना सँ-त्रोपे गावातल्या आनोन्सियादच्या संग्रहालयात ने, चित्रकार सिन्याकची चित्रं आहेत. तुझ्या नवऱ्याला इतिहासाचं वेड, त्याला सांग की रणजितसिंहांच्या फौजेतला जनरल आलार इथलाच. चंबा संस्थानातली आपली बायको, बन्नू पान देई, त्याने याच गावात आणून ठेवली. त्यांच्या घराचं आता हॉटेल झालंय आणि नाव अजून तिचंच आहे.

बाकी व्हिसाच्या अपॉइंटमेंटला उशीर करू नकोस. घराच्या करारावर सगळ्यांची नावं घालून घे, राहण्याचा पुरावा म्हणून लागेल. आणि आज रात्रीच सासूबाईंचा पासपोर्ट काढून बघ, तिथून निघाल्यावर पुढे निदान तीन महिने मुदत उरायला हवी.