डोळ्यात चुना उडाला तर

तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब घरात कोनाड्यात नाहीतर शर्टाच्या खिशात पडलेली असते. मूल ती उचलतं, दाबतं, दातानं फोडायला जातं आणि चुना थेट डोळ्यात उडतो. लहान मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या रासायनिक दुखापतींमागे आपल्याकडे हे कारण वारंवार सापडतं.

चुना हा अल्कली. आम्ल डोळ्यात गेलं तर वरची प्रथिनं साकळतात आणि त्याची पुढची वाट बरीचशी अडते. चुना मात्र पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करत आत शिरत जातो. त्याचे कण वरच्या पापणीखाली चिकटले तर कितीतरी वेळ जाळत राहतात. म्हणून पहिला उपचार घरीच आणि त्याच क्षणी करायचा. पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि नळाखाली किंवा तांब्यानं, स्वच्छ पाण्यानं किमान 15 ते 30 मिनिटं डोळा धूत राहा, मूल कितीही रडलं तरी. चुना मारायला लिंबू घालू नका. दूध, तूप, मध, गुलाबपाणी काहीही नको. धारदार वस्तू घुसून डोळा फाटला असेल तर गोष्ट वेगळी: तो डोळा धुऊ नका, दाबू नका, वर कडक आडोसा ठेवून तडक दवाखाना गाठा.

धुऊन झालं की लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. तिथे पापणी उलटवून कण काढतात, लिटमस कागदानं अल्कली उरला आहे का ते बघतात आणि लागेल तसं पुन्हा धुतात. इथे एक गोष्ट फार फसवी आहे. डोळा लाल नाही, पांढराफटक आहे, दुखतही नाही, म्हणून घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्या जळल्यामुळे लाली येत नाही. असा डोळा जास्त धोक्यात असतो.

आता ज्यांची दुखापत जुनी आहे, ज्यांना ‘डोळ्यात फूल पडलं, आता काही होणार नाही’ असं सांगितलं गेलं, त्यांच्यासाठी. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याच्या कडेला मूळ पेशी असतात. तिथूनच त्याचा वरचा थर सतत नवा होत असतो. चुन्यानं त्या जळल्या की लाल शिरा आणि पांढरट कातडी बुबुळावर चढत जाते. अशा डोळ्यात नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया नुसता बसवला, तर तो सहसा टिकत नाही. त्याचा वरचा थर नवा करत राहणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात.

यावरची एक शस्त्रक्रिया हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी विकसित केली आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केली. तिला स्लेट म्हणतात. चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम 2 मिलिमीटरचा तुकडा घेतात. जखमी बुबुळावरची कातडी सोलून तिथे गर्भाभोवतीच्या पिशवीचा पातळ पडदा चिकटवतात आणि त्या तुकड्याचे बारीक कण अंतर ठेवून त्यावर मांडतात, भाताची रोपं लावावीत तसे. हळूहळू पेशी पसरतात आणि बुबुळ झाकतात. पूर्वी या पेशी महागड्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत. ही पद्धत आपल्या देशात उभी राहिली याचा मला मनापासून अभिमान वाटतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात 125 रुग्णांपैकी 95 जणांचा पृष्ठभाग नीट राहिला होता. त्यात मुलंही बरीच होती.

दोन्ही डोळे जळले असतील तर पेशी जवळच्या नातेवाइकाकडून किंवा नेत्रदानातून घ्याव्या लागतात आणि शरीरानं त्या नाकारू नयेत म्हणून दीर्घकाळ औषधं चालतात. डोळ्याचा दाब वाढून आतली नस सुकली असेल, तर पृष्ठभाग स्वच्छ करूनही नजर परतत नाही. म्हणून दाब आधी तपासून घ्या, आणि सल्ला कॉर्नियातज्ज्ञाचाच घ्या. खर्चाची चिंता असेल तर सरकारी योजना लागू होते का, हे रुग्णालयात स्पष्ट विचारा. हैदराबादच्या या संस्थेत गरजूंवर मोफत उपचारही होतात.

मुलांच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतरचं काम मोठं असतं. महिनोन्‌महिने झाकलेला डोळा बघायचंच विसरतो, म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून जखमी डोळ्याला कामाला लावावं लागतं. किती तास, ते डॉक्टर वय पाहून ठरवतील. मूल चिडेल, पट्टी ओढून काढेल, शाळेत इतर मुलं विचारतील. वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा आणि डॉक्टरांनी थांबवेपर्यंत पट्टी चालू ठेवा.