निरीक्षणापासून सल्ल्यापर्यंत : कीड सर्वेक्षणाच्या कार्यप्रवाहाची आखणी

2008 च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर 2009-10 पासून महाराष्ट्रात पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, अर्थात ‘क्रॉपसॅप’, सुरू झाला. गावातील निवडक शेतांत निरीक्षण घ्यावयाचे, ते संगणकावर नोंदवावयाचे, कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी त्यावर सल्ला द्यावयाचा आणि तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचवावयाचा, ही त्याची मूळ रचना. संगणकशास्त्रात अशा साखळीस कार्यप्रवाह म्हणतात. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीस किंवा कृषी विज्ञान केंद्रास आपल्या दहा-बारा गावांपुरती अशीच साखळी उभी करावयाची असल्यास ती कशी आखावी, याचा विचार येथे कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या उदाहरणाने केला आहे.

उदाहरण मुद्दाम निवडले आहे. या किडीच्या अंड्यातून साधारण चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते. बोंडावरील छिद्र बुजले की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे निरीक्षण अचूक असले तरी त्यावरचा निर्णय कोणाच्या तरी संगणकात तीन दिवस पडून राहिला, तर फवारणीचा खर्च होतो आणि बोंड मात्र वाचत नाही.

म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करावी. शेतकऱ्याने कोणत्या दिवशी काय करावयाचे आहे, हे आधी लिहावे. त्यासाठी कोणाचा निर्णय लागतो आणि त्या निर्णयास कोणती नोंद लागते, हे त्यामागोमाग. ‘बीपीएमएन’ ही चिन्हपद्धती बहुतेक कार्यप्रवाह सॉफ्टवेअरमध्ये चालते आणि तिची मोजकी चिन्हे आपल्या कामास पुरतात : आरंभासाठी वर्तुळ, कामासाठी आयत, निर्णयासाठी चौकट आकाराची शंकरपाळी, शेवटासाठी जाड कडेचे वर्तुळ. प्रत्येक भूमिकेस एक आडवा पट्टा द्यावा. येथे तीन पट्टे होतात : निरीक्षक, तज्ज्ञ, शेतकरी गटाचा प्रमुख. पट्ट्यावर व्यक्तीचे नाव लिहू नये, भूमिका लिहावी. माणूस बदलला तरी आकृती बदलावी लागत नाही.

पहिला आयत म्हणजे निरीक्षणाचा अर्ज. त्यात शेताचा क्रमांक, दिनांक, कामगंध सापळ्यातील पतंगांची संख्या, डोमकळ्यांचे प्रमाण आणि फोडून पाहिलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी किती किडकी निघाली, एवढेच असावे. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची चूक वारंवार होते. रिकामी चौकट आणि शून्य यांत सॉफ्टवेअरने भेद केला पाहिजे. ‘पतंग आढळले नाहीत’ ही माहिती आहे. ‘सापळा पाहिला नाही’ ही माहितीची उणीव आहे. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा अधिक पतंग, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. मधल्या दिवशीची न घेतलेली नोंद शून्य धरली गेली, तर साखळी तुटते आणि धोक्याची सूचना निघतच नाही. ती चौकट सक्तीची करावी आणि ‘पाहिले नाही’ हा पर्याय स्वतंत्र ठेवावा.

यानंतर शंकरपाळी येते. पतंगांची वरील पातळी, दहा टक्के डोमकळ्या किंवा दहा टक्के किडकी बोंडे यांपैकी एक जरी अट पूर्ण झाली, तरी प्रवाह सल्ल्याकडे वळावा. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक सल्ला तज्ज्ञाच्या मंजुरीसाठी थांबवून ठेवतात. प्रस्तुत लेखकास ते योग्य वाटत नाही. हंगामापूर्वी तज्ज्ञांनी संमत केलेला मजकूर सॉफ्टवेअरमध्ये असावा, नेहमीच्या प्रसंगी तो आपोआप जावा, आणि अनोळखी लक्षण किंवा विसंगत आकडा आला तरच नोंद तज्ज्ञाकडे जावी. त्यामुळे तज्ज्ञाचा वेळ जिथे लागतो तिथे मिळतो.

पातळीचे आकडे आकृतीत कोरू नयेत. ते स्वतंत्र तक्त्यात ठेवावेत. 2015 मध्ये पंजाब-हरियाणाच्या कपाशीवर पांढऱ्या माशीने हाहाकार माजविला. ज्या दोन राज्यांचा कारभार चंडीगडहून चालतो, तेथे हीच आकृती न्यावयाची ठरल्यास पट्टे तेच राहतील. तक्त्यात मात्र प्रति पान सहा प्रौढ माश्या ही पंजाबातील पातळी येईल. शिवाय अर्जात वेळेचा रकाना वाढवावा लागेल, कारण ती मोजणी सकाळी दहापूर्वी करावयाची असते.

तज्ज्ञाच्या आयतावर घड्याळाचे चिन्ह लावण्यास विसरू नये. चोवीस तासांत उत्तर न आल्यास काम आपोआप दुसऱ्या तज्ज्ञाकडे जावे. केवळ स्मरणपत्र पाठविणारे घड्याळ फारसे उपयोगी नसते. रजेवरील माणसास दहा स्मरणपत्रे जातात आणि नोंद तिथेच राहते.

शेवटचे वर्तुळ संदेश पाठविताच काढण्याचा मोह होतो. संदेश गेला म्हणजे काम झाले नाही. गटप्रमुखाने सल्ला पोहोचल्याची नोंद करावी, तिला घड्याळ असावे, आणि आठवड्याने त्याच शेतात पुन्हा बोंडे फोडून आकडा भरल्यावरच प्रकरण बंद व्हावे.

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी ही संपूर्ण साखळी एका गावात आठवडाभर कागदावर चालवून पाहावी. प्रत्येक कागद हाती आल्याची आणि पुढे दिल्याची वेळ त्यावरच लिहावी. सर्वाधिक वेळ ज्या टेबलावर गेला, तेथील आयत प्रथम दुरुस्त करावा.