निमंत्रण कसे लिहावे?



स्नेहसंमेलन जवळ आले की निमंत्रणे लिहिण्याचे काम वरच्या वर्गांकडे येते. ‘यात शिकण्यासारखे ते काय?’ असे पुष्कळांना वाटते. मलाही पूर्वी तसेच वाटे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत असताना मुलांनी पालकांना लिहिले : ‘येत्या रविवारी सायंकाळी आमचे संमेलन आहे. आपण यावे.’ अक्षर सुवाच्य होते, शुद्धलेखन निर्दोष होते. मी मसुद्यावर सही केली. कार्यक्रम चार वाजता सुरू झाला. एका विद्यार्थिनीची आजी नदीपलीकडच्या गावाहून फेरीबोटीने आली, ती दिवेलागणीला. तिच्या लेखी सायंकाळ म्हणजे तुळशीपाशी दिवा लावण्याची वेळ. नातीचे गाणे केव्हाच संपले होते. आजी कोणाला काही बोलली नाही. रिकाम्या रंगमंचाकडे पाहत थोडा वेळ बसली आणि परतली. चूक तिची नव्हती, मुलांचीही नव्हती. सही माझी होती.

म्हणून पहिला नियम स्पष्टतेचा. कोण बोलावतो, कोणाला, कशासाठी, कोठे आणि केव्हा, या पाच प्रश्नांची उत्तरे पत्रात असलीच पाहिजेत. ‘केव्हा’ याचे उत्तर वार, तारीख व वेळ मिळून पूर्ण होते. वार आणि तारीख दिनदर्शिकेशी ताडून पाहावी. दुरून येणाऱ्यांसाठी कार्यक्रम संपण्याची वेळही द्यावी.

दुसरा नियम विनयाचा. माझ्याप्रमाणे तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कोंकणी बोलतात. ‘तुमी येवंक जाय’ या आपोवण्यात केवढी माया असते! पण तेच मराठीत ‘तुम्ही आले पाहिजे’ असे उतरले की हुकूम वाटतो. तेथे ‘अवश्य यावे, ही विनंती’ असे लिहावे. संस्कृत वैयाकरणांनी निमंत्रण आणि आमंत्रण यांत भेद केला आहे : श्राद्धभोजनासारखे, टाळता न येणारे, ते निमंत्रण, येणे न येणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेले, ते आमंत्रण. मराठीने हा भेद पाळला नाही. तरी पाहुण्याच्या इच्छेचा मान राखणे, हे विनयाचे मर्म त्यातून ध्यानी येते.

आता हा नमुना पाहा :

स. न. वि. वि.
आमच्या विद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन रविवार, दि. २० डिसेंबर २०२६ रोजी दुपारी ४ ते ६ या वेळेत विद्यालयाच्या सभागृहात होणार आहे. आपण सहकुटुंब उपस्थित राहून आम्हांस प्रोत्साहन द्यावे, ही नम्र विनंती.
आपले नम्र,
इयत्ता दहावीचे विद्यार्थी

‘स. न. वि. वि.’ म्हणजे ‘सविनय नमस्कार विनंती विशेष’. अर्थ ठाऊक नसताना अशी अक्षरे नुसती उतरवू नयेत. पाहुण्याचे नाव मात्र स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्याच्या मागे ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ लावण्यास विसरू नये.

पत्र लिहून झाले की ते घरातील सर्वांत वडील माणसाला वाचून दाखवावे आणि विचारावे, ‘कोठे जायचे? कोणत्या दिवशी? किती वाजता?’ तिन्ही उत्तरे चटकन मिळाली, तरच ते पाकिटात घालावे. कोणा आजीची नदीपलीकडून केलेली वाट फुकट जाऊ नये.