कार्ड सुपरवायझरकडे, नऊ हजार आईच्या हातात

प्रश्न : माझी आई ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात ठेकेदारामार्फत सफाईचं काम करते. ड्युटी बारा तासांची. पगार बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्ड सुपरवायझरकडे असतं. तो पैसे काढतो आणि नऊ हजार आईला देतो. रुग्णालय म्हणतं, ठेकेदाराशी बोला. ठेकेदार म्हणतो, तुम्ही कबूल होऊन सही केली आहे. काही करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : नक्कीच करता येईल. त्या सहीला घाबरू नका. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा कोणताही करार कायद्याने रद्दबातल आहे. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांसाठी राबणाऱ्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली याहून पुढचं सांगितलं : किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेली वेठच आहे. पोटासाठी माणूस ‘हो’ म्हणतो, तेव्हा ती त्याची मर्जी नसते.

नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली आहे. कामगाराने मालकाला किंवा त्याच्या माणसाला परत दिलेले पैसे ही संहिता पगारातली कपातच मानते. म्हणजे सुपरवायझर ठेवून घेतो ती रक्कम बेकायदा कपात ठरते. जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मिळायला हवेत. ठेकेदाराने पैसे बुडवले, तर ते देण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते, त्यामुळे त्यांना हात झटकता येणार नाहीत.

आता पुरावा. ठेकेदाराने कागद नीट दिसावेत म्हणून पगार बँकेतून फिरवला, पण तोच कागद त्याच्याविरुद्ध जातो. आईंनी पासबुक घेऊन शाखेत जावं आणि खात्याचं स्टेटमेंट मागावं. पगार जमा झाल्यावर लगेच, दर महिन्याला, त्याच एटीएममधून पैसे निघाल्याचं त्यात दिसेल. सहकारी बायकांच्या खात्यांतही तसंच दिसलं, तर ठेकेदाराला उत्तर देणं अवघड जाईल. पीएफचं पासबुकही पाहा. कामगाराची कपात साधारण १२ टक्के असते. १,५६० रुपये कापलेले दिसले, तर कागदावरचा पगार निदान १३,००० आहे. ड्युटी चार्टचे फोटो काढा, रोजची येण्याजाण्याची वेळ वहीत लिहा. पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याचा भार मात्र मालकावरच असतो.

दावा कामगार विभागाच्या कार्यालयात करायचा. नव्या संहितेत त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि बुडवलेल्या रकमेच्या दहापट भरपाईपर्यंत आदेश होऊ शकतो. जुन्या कायद्यात मुदत फक्त सहा महिन्यांची होती, म्हणून नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या थकबाकीवर वाद होईल. ती मागणी वेगळी मांडा.

नोकरी जाण्याची भीती खरी आहे. एकट्या आईंना पुढे करू नका. नोंदणीकृत कामगार संघटनेलाही दावा दाखल करता येतो, तो मार्ग धरा. आणि स्टेटमेंट हाती येईपर्यंत सुपरवायझरकडे कार्डाचा विषय काढू नका.