मांडीमागचा स्नायू आणि आपले फुटबॉलपटू



शाळा सुरू झाल्या की शालेय फुटबॉल स्पर्धांचे वेध लागतात. भोर-वेल्ह्यात नेमके हेच दिवस मुसळधार पावसाचे. मैदानात चिखल, अंग गारठलेलं आणि मुलं दप्तर ठेवून थेट पळत सुटतात. मग कुणीतरी मांडीमागे हात धरून थांबतं, "सर, नस ओढली!" आपण स्प्रे मारतो आणि पुन्हा खेळायला पाठवतो. इथेच चुकतं.

हॅमस्ट्रिंग म्हणजे काय?

बैठकीच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जाणारा हा तीन स्नायूंचा गट. तो गुडघा वाकवतो, मांडी मागे खेचतो. वेगात धावताना पुढे गेलेला पाय जमिनीवर टेकण्याआधी हाच स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावतो. दुखापत बहुतेक तेव्हाच होते. म्हणून तो लवचीक हवाच, पण ताणलेला असताना जोर धरणाराही हवा.

"आमची पोरं डोंगर चढतात, त्यांना व्यायाम कशाला?" असं काही पालक विचारतात. राजगड-तोरण्याच्या चढणीने दम वाढतो, हे खरं. पण भरधाव धावून अचानक थांबण्याची तयारी त्याने होत नाही.

आधी मोजा

खेलो इंडियाच्या फिटनेस चाचणीतली 'सिट अँड रीच' घ्या. पाय सरळ ठेवून बसायचं, गुडघे न वाकवता हात पुढे न्यायचे. दर महिन्याला नोंद ठेवा. तुलना त्याच मुलाच्या आधीच्या नोंदीशी करा. उंची झपाट्याने वाढते त्या वयात स्नायू आखडल्यासारखे होतात, त्यावरून मुलांना बोलू नका.

सरावाचा क्रम

1) खेळाआधी 10 मिनिटे : हळू धावणे, गुडघे वर उचलणे, पाय पुढे-मागे झुलवणे, शेवटी वेग वाढवत दोन-तीन धावा. पाऊस असेल तर धावा सोडून बाकीचं कोरड्या व्हरांड्यात उरका.

2) ताकद, आठवड्यातून दोनदा : सतरंजीवर गुडघे टेकायचे, जोडीदाराने घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं आणि शेवटी हातांवर उतरायचं. हा 'नॉर्डिक' व्यायाम. सुरुवातीला 3 ते 5 वेळाच. फिफाच्या '11 प्लस' कार्यक्रमात तो आहे. 2019 च्या एका एकत्रित अभ्यासात, हा व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. 14 वर्षांखालील मुलांना सेतुबंधासनापासून सुरुवात करून द्या.

3) खेळानंतर : पाय सरळ ठेवून सावकाश पुढे वाका, 30 सेकंद थांबा. प्रत्येक पायाला दोनदा. झटके नकोत. असा ताण खेळाआधी मिनिटभराहून जास्त धरला, तर धावण्याचा जोर काही वेळ कमी होतो.

दुखापत झालीच तर

खेळ तिथेच थांबवा. बर्फ कापडात गुंडाळून 10-15 मिनिटे शेका. पहिले दोन-तीन दिवस तेल लावून रगडू नका. पाय काळानिळा पडला किंवा चालता येईना, तर डॉक्टरांकडे न्या. एकदा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याचा धोका मोठा असतो. भरधाव धावताना अजिबात दुखत नाही, दोन्ही पायांत सारखाच जोर आहे, हे पाहूनच मुलाला संघात घ्या.

एका सामन्यासाठी मुलाचा अख्खा हंगाम घालवू नका. लागते काय? एक सतरंजी, एक जोडीदार आणि रोजची काही मिनिटं. येत्या सोमवारपासून आपल्या शाळेत सुरू करून पाहा.