इंजिन न उघडता त्याची तपासणी

एखादी जुनी मोटार सपाट रस्त्यावर बरी धावते, पण घाट लागला की तिला दम लागतो. दोष इंजिनाच्या पोटात असावा अशी शंका येते. पण इंजिन खोलायचे म्हणजे पुष्कळ वेळ आणि पुष्कळ खर्च. मग ते न खोलता दोष ओळखता येईल का? बऱ्याच वेळा येतो. आणि त्यासाठी एक दाबमापक व चमचाभर तेल पुरते.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन, म्हणजे दट्ट्या, खालीवर होतो. तो खाली जाताना हवा व पेट्रोल आत ओढले जाते. मग झडपा मिटतात आणि वर येणारा दट्ट्या हे मिश्रण दाबतो. आकारमान एक-नवमांश होत असेल, तर संपीडन गुणोत्तर ९ आहे असे म्हणतात. कोठे गळती असेल, तर मिश्रण पुरते दाबले जात नाही आणि इंजिनाची शक्ती घटते.

हा दाब किती असावा? तापमान स्थिर राहिले तर बॉइलच्या नियमाप्रमाणे तो वातावरणाच्या दाबाच्या ९ पट होईल. परंतु सायकलचा पंप मारताना त्याचे टोक तापते, हे तुम्ही अनुभवले असेलच. दाबलेली हवा तापते, त्यामुळे दाब आणखी वाढतो. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर दाब ९ चा १.४ वा घात, म्हणजे सुमारे २१.७ पट होईल. प्रत्यक्षातील दाब या दोहोंच्या मध्ये असतो. स्टार्टरने इंजिन सावकाश फिरते, तेवढ्यात काही उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जाते. शिवाय आत घेणारी झडप दट्ट्या थोडा वर आल्यावरच मिटते. अशा धडधाकट इंजिनात दाबमापक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलोग्रॅम दाखवतो.

आता तपासणी पाहू. इंजिन गरम असताना मेकॅनिक सर्व प्लग काढतो, ठिणगी व पेट्रोल बंद करतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायला सांगतो आणि प्लगच्या भोकात दाबमापक बसवून स्टार्टर फिरवतो. असे प्रत्येक सिलिंडरचे माप घेतो. समजा, आकडे १२, १२, ७ आणि १२ आले. तिसरा सिलिंडर आजारी आहे. पण हवा गळते कोठून? दट्ट्याच्या रिंगांतून की झडपांतून? एकटा ७ हा आकडा ते सांगू शकत नाही.

येथे तेल कामी येते. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजतात. तेल दट्ट्याच्या माथ्यावरून कडेला उतरते आणि रिंग व भिंत यांमधील फट काही वेळ बुजवते. वर असलेल्या झडपांपर्यंत मात्र ते पोचत नाही. म्हणून दाब ७ वरून ११ झाला, तर रिंगा झिजल्या आहेत. ७ च राहिला, तर झडपांवर संशय घ्यावा. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी दाब दाखवत असतील, तर त्यांच्यामधील गॅस्केट फाटले असण्याचा संभव असतो.

उत्तराची खात्री करायची, तर दट्ट्या अगदी वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडतात आणि कान देऊन ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली, तर बाहेर सोडणारी झडप गळते. तेल भरण्याच्या तोंडातून आली, तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर गॅस्केट.

यातली युक्ती ध्यानात ठेवा. एका मापाने दोष आहे एवढेच कळते. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलली आणि पुन्हा मोजले, म्हणजे तो कोठे आहे हे कळते. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो.

करून पाहा : चामड्याचे वायसर सुकलेला सायकलचा पंप घ्या. तोंडावर अंगठा दाबून दांडा रेटा. मग वायसरवर तेलाचे चार थेंब सोडून पुन्हा रेटा. काय फरक पडला? का?

सोडवा : डिझेल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर २० असेल आणि उष्णता बाहेर गेली नाही, तर दाब किती पट होईल?